बॉडपासून गिगाबिटपर्यंत : एक प्रस्तावना

अकोला-अमरावतीच्या बाजार समित्यांत कापसाचा भाव क्विंटलवर ठरतो. तोच कापूस जिनिंगमधून रुई होऊन बाहेर पडला की व्यापारी खंडीचा भाव बोलू लागतात. खंडी म्हणजे जुने ७८४ पौंड, आजचे ३५६ किलो. रुई दाबून बांधली की हिशेब गाठींवर येतो आणि गाठ धरतात १७० किलोची. १०० क्विंटल कापसाच्या गाठी किती, असे वऱ्हाडातल्या कोणत्याही जिनवाल्याला विचारले तर तो उत्तर देण्याआधी उलट विचारतो, ‘उतारा किती?’ १०० किलो कापसातून ३४ किलो रुई निघत असेल तर २० गाठी होतात, खंडीत सांगायचे तर साडेनऊहून थोड्या जास्त. उतारा एका टक्क्याने घसरला की दोन्ही उत्तरे बदलतात. यातला भागाकार शाळकरी मुलालाही जमतो. तोललेला माल कापूस होता की रुई, हे आधी ठरवावे लागते, आणि कस लागतो तो तिथे.

दूरसंचारात माहितीचा दर मोजण्याची एकके आणि त्यांचे एकमेकांत रूपांतर, हा या पुस्तकाचा विषय. तो वऱ्हाडातल्या वाचकापुढे ठेवताना कापसापासून सुरुवात केली, कारण या विषयाला जी सवय लागते ती इथल्या बाजाराने पिढ्यान्‌पिढ्या जोपासली आहे. आकडा ऐकला की तो कशाचा, कुठे तोललेला आणि त्यात काय धरले-सोडले हे विचारायचे, ही ती सवय. ‘बिटला ८ ने भागले की बाइट’ एवढे सूत्र पाठ करून या क्षेत्रात शिरलेला विद्यार्थी पहिल्याच वळणावर अडखळतो. मात्र प्रत्येक आकड्याला त्याचा जन्म विचारणाऱ्या विद्यार्थ्याला हे क्षेत्र फार लवकर आपलेसे होते. अमरावतीचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६४ पासून आणि अमरावती विद्यापीठ १९८३ पासून या भागातल्या मुलामुलींना तांत्रिक शिक्षण देत आले आहे. त्या वर्गांतले विद्यार्थी, टेलिफोन खात्यात उमेदवारी केलेले तंत्रज्ञ, गावोगावी फायबर जोडत फिरणारे तरुण आणि घरच्या इंटरनेटचे बिल समजून घेऊ पाहणारा कोणीही जिज्ञासू, अशा सर्वांचे इथे स्वागत आहे. गणिताची तयारी दहावीपर्यंतची असली तरी पुरते.

वऱ्हाडात या विषयाची सुरुवातही कापसाच्याच वाटेने झाली. भुसावळहून निघालेली ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे अकोला-बडनेरा मार्गे १८६७ मध्ये नागपूरला पोचली, आणि रुळांबरोबर तारेचे खांब आले. १८७० मध्ये जलंब-खामगाव हा फाटा व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या हस्ते सुरू झाला. त्याच वर्षी जूनमध्ये सुएझमार्गे समुद्राखालून टाकलेल्या तारेने मुंबई आणि लंडन जोडली गेली. लिव्हरपूलचा भाव वऱ्हाडातल्या कापूस बाजारात यायला पूर्वी आगबोटीचे आठवडे मोजावे लागत. आता तो तारेने येऊ लागला. तारबाबूचा हात जितका चपळ तितका भाव लवकर कळणार. साहजिकच माहिती किती झपाट्याने जाते हे मोजण्याची गरज निर्माण झाली, आणि पहिले एकक ठरले शब्द प्रतिमिनिट.

शब्द म्हणजे मात्र कोणता शब्द? मोर्स लिपीत काही अक्षरे आखूड तर काही लांब असतात. ठिपका १ मात्रा, रेघ ३ मात्रा, अक्षरातल्या दोन खुणांमध्ये १ मात्रेची फट, दोन अक्षरांमध्ये ३ मात्रांची आणि दोन शब्दांमध्ये ७ मात्रांची. या हिशेबाने रोमन लिपीतला ‘पॅरिस’ हा पाच अक्षरी शब्द शेवटच्या फटीसह बरोबर ५० मात्रांचा होतो, म्हणून तो प्रमाण शब्द ठरला. आता त्याच पद्धतीने रोमन लिपीतले ‘अकोला’ मोजून पाहा. अक्षरे पाचच, पण मात्रा ५८, कारण त्यात ‘ओ’ आणि ‘एल’ ही लांब अक्षरे आहेत. इंग्रजी अमदानीत अमरावतीचे नाव ‘अमरावती’ऐवजी सात रोमन अक्षरांत ‘अमराओती’ असे लिहीत; त्याच्या मात्रा ६६. मिनिटाला २० प्रमाण शब्द पाठवणारा तारबाबू सेकंदाला पावणेसतरा मात्रांच्या आतबाहेर पाठवतो, म्हणजे एक मात्रा ६० मिलिसेकंदांची. त्याला ‘अकोला’ पाठवायला साडेतीन सेकंद लागतात आणि ‘अमराओती’ला जवळजवळ चार. हात तोच, तार तीच, तरी मिनिटाला अकोले सतरा जातील आणि पॅरिस वीस. प्रमाण शब्दाची गरज का पडली हे यावरून उमजते. विद्यार्थ्यांनी आपापल्या गावाचे नाव असे मात्रांत मोजावे, असा माझा आग्रह आहे. एकक म्हणजे काय हे त्या एका बैठकीत जितके कळते तितके व्याख्या वाचून कळत नाही.

शब्द सोडून मात्राच मोजायच्या, हे पुढचे शहाणपण. फ्रेंच तारखात्यातले एमिल बोदो यांनी १८७४ मध्ये आपल्या छापणाऱ्या तारयंत्राचे पेटंट घेतले. त्यांच्या यंत्रात प्रत्येक अक्षराला सारख्याच ५ खुणा होत्या. तारेवर सेकंदाला किती खुणा जातात त्या मापाला पुढे त्यांच्या नावावरून ‘बॉड’ म्हणू लागले. टेलिप्रिंटरची तार बहुतेक ठिकाणी ५० बॉडची असे. प्रत्येक अक्षराच्या ५ खुणांआधी सुरुवातीची १ आणि नंतर थांब्याची दीड, म्हणजे एका अक्षरासाठी साडेसात खुणा खर्ची पडत. ५० ला साडेसातने भागले की सेकंदाला ६.६७ अक्षरे, मिनिटाला ४०० अक्षरे. शब्द आणि त्यामागची मोकळी जागा मिळून सहा अक्षरे धरली तर मिनिटाला ६६ शब्द होतात. अक्षराचा अर्थ वाहणाऱ्या खुणा पाचच, म्हणून खरी माहिती सेकंदाला ३३.३ बिट. एकाच तारेबद्दल ५० बॉड, ३३.३ बिट प्रतिसेकंद आणि ६६ शब्द प्रतिमिनिट ही तिन्ही उत्तरे बरोबर आहेत. सुरुवातीच्या नि थांब्याच्या खुणा माहितीत धरायच्या की नाही, एवढ्यावर फरक पडतो.

बॉड आणि बिट यांतला गोंधळ आजही जिवंत आहे, म्हणून इथेच तो निस्तरलेला बरा. बॉड खुणा मोजतो आणि बिट त्या खुणांनी वाहिलेली माहिती. एका खुणेला दोनच रूपे असतील तर दोन्ही आकडे सारखे येतात; सोळा रूपे असतील तर एकेक खूण चार बिट वाहते. टेलिफोनच्या तारेवरचा ९६०० बिटचा मोडेम प्रत्यक्षात २४०० बॉडने चालत असे. याउलट बाजारातल्या इलेक्ट्रॉनिक वजनकाट्यापासून संगणकापर्यंत जी जुन्या धर्तीची सिरियल केबल येते, तिच्यावर ९६०० बॉड म्हणजे ९६०० बिटच. मात्र तिथेही आठ बिटांच्या प्रत्येक अक्षराला सुरुवातीचा आणि थांब्याचा एकेक बिट लागतो. परिणामी सेकंदाला अक्षरे ९६० जातात. ९६०० ला ८ ने भागून १२०० असे उत्तर काढणारा इथे फसतो.

‘बिट’ हा शब्द छापून रूढ केला क्लॉड शॅनन यांच्या १९४८ च्या प्रबंधाने; शब्द सुचवण्याचे श्रेय त्यांनी स्वतःच जॉन ट्युकी यांना दिले आहे. ‘बाइट’ १९५६ मध्ये आयबीएममधल्या वेर्नर बुखहोल्ट्झ यांनी वापरात आणला. बिट दूरसंचारवाल्यांच्या हाती वाढला आणि बाइट संगणकवाल्यांच्या. एक घराणे तारेवरचा प्रवाह मोजणारे, दुसरे पेटीतला साठा मोजणारे. आपल्या मोबाइलवर ही दोन्ही घराणी एकाच पडद्यावर नांदतात आणि ग्राहकाच्या डोक्याला ताप होतो तो त्यामुळेच.

आता या विषयाच्या सर्वांत समृद्ध भागाकडे वळू. आधुनिक दूरसंचारातले जे आकडे चमत्कारिक वाटतात, २.०४८, १५५.५२, २.४८८, त्या सगळ्यांच्या मुळाशी एकच निर्णय आहे, आणि तो माणसाच्या आवाजाबद्दलचा आहे. टेलिफोनवर बोलणे समजायला ३०० ते ३४०० हर्ट्झपर्यंतचा आवाज पुरतो. थोडी जागा सोडून वरची मर्यादा ४००० धरली. ज्या लहरीची कमाल वारंवारिता ४००० आहे ती पुन्हा जशीच्या तशी उभी करायला तिचे नमुने सेकंदाला त्याच्या दुप्पट, म्हणजे ८०००, घ्यावे लागतात. प्रत्येक नमुना ८ बिटांत लिहायचा ठरले. ८००० गुणिले ८ म्हणजे ६४,००० बिट प्रतिसेकंद. आवाज असा नमुन्यांच्या आकड्यांत पाठवण्याची कल्पना ॲलेक रीव्ह्ज यांनी १९३८ मध्ये पेटंटात मांडली. तेव्हाच्या व्हॉल्व्हच्या काळात ती परवडणारी नव्हती, ट्रान्झिस्टर आल्यावर ती व्यवहारात उतरली. ८००० नमुने सेकंदाला म्हणजे दर १२५ मायक्रोसेकंदाला एक. १२५ मायक्रोसेकंदांची ही नाडी दूरसंचाराच्या जाळ्यात तेव्हापासून चालू आहे.

१९६२ मध्ये अमेरिकेत बेल कंपनीने २४ आवाज एका प्रवाहात गुंफले. २४ गुणिले ८ आणि चौकट ओळखण्यासाठी १ असे १९३ बिट, दर १२५ मायक्रोसेकंदाला, म्हणजे १.५४४ मेगाबिट प्रतिसेकंद. युरोपने ३२ घरांची चौकट घेतली, ३० घरे आवाजाला, एक घर ताळमेळाला, एक संकेतांना. ३२ गुणिले ६४ हजार म्हणजे २.०४८ मेगाबिट. भारताने युरोपची पद्धत स्वीकारली. आपल्याकडच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काम केलेल्या माणसाला विचाराल तर तो हिला ‘ई-वन’ किंवा ‘टू एमबी’ म्हणतो. एक्स्चेंजमधला ‘टू एमबी’ आणि व्हॉट्सॲपवर आलेला दोन एमबीचा फोटो यांचा एकमेकांशी संबंध नाही. पहिला सेकंदाला वाहणारा बिटांचा प्रवाह आहे, दुसरा बाइटांचा साठा. तो फोटो त्या तारेवरून पाठवला तर आठ सेकंदांच्या आसपास लागतील.

यापुढची पायरी विद्यार्थ्यांना कायम चकवते. चार ई-वन एकत्र केल्या तर ४ गुणिले २.०४८ म्हणजे ८.१९२ व्हायला हवे; प्रत्यक्षात ती पायरी ८.४४८ ची आहे. तिच्यावरची ३४.३६८, त्यावरची १३९.२६४. दरवेळी थोडे जास्त का? कारण माणसांच्या व्यवहारातले आहे. चार ठिकाणांहून आलेल्या चार प्रवाहांची घड्याळे एकमेकांशी तंतोतंत जुळत नाहीत. अकोल्याचे घड्याळ अमरावतीच्या घड्याळापेक्षा कणभर पुढे धावत असेल तर त्याचे बिट जरा जास्त येणार. त्यांना सामावून घ्यायला मोकळी जागा ठेवावी लागते, आणि ती कुठे भरली, कुठे रिकामी राहिली याची नोंदही पाठवावी लागते. तो वरचा खर्च म्हणजे हे जादा बिट. नंतर सगळ्या जाळ्याला एकाच मुख्य घड्याळाच्या शिस्तीत आणणारी पद्धत आली आणि गुणाकार सरळ झाले. तिची पहिली पायरी एसटीएम-वन. ९ ओळी, २७० रकाने, म्हणजे २४३० बाइटांची चौकट, दर १२५ मायक्रोसेकंदाला एक. २४३० गुणिले ८ गुणिले ८००० केले की १५५.५२ मेगाबिट मिळतात. तिच्या चौपट ६२२.०८, सोळापट २४८८.३२, कुठेही कसर नाही.

एवढे झाल्यावर वर्गात एक प्रश्न हमखास विचारावा. एका एसटीएम-वनमध्ये ई-वन किती मावतात? १५५.५२ ला २.०४८ ने भागणारा ७५ म्हणेल. खरे उत्तर ६३ आहे. उरलेली जागा चौकटीची नोंद ठेवणे, वाटेत बिघाड कुठे झाला ते कळवणे आणि प्रत्येक ई-वन चौकटीत नेमकी कुठून सुरू होते ते दाखवणे, अशा कामांना जाते. कोष्टकात पाहिले तर ७५ आणि ६३ मधला फरक विसंगतीसारखा दिसतो. जाळे चालवणाऱ्याला त्या बारांच्या जागी दुरुस्तीची सोय दिसते. मला या क्षेत्राचा लळा लागला तो अशा ठिकाणी.

तीच नाडी आज गावापर्यंत आली आहे. भारतनेटमध्ये ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्यासाठी जे जीपॉन तंत्र वापरले जाते, त्यात वरून खाली येणारा दर २.४८८ गिगाबिट असतो. नेमका आकडा २.४८८३२, म्हणजे एसटीएम-वनच्या सोळापट. त्याची चौकटही १२५ मायक्रोसेकंदांचीच; फक्त तिच्यात आता ३८,८८० बाइट मावतात. आवाजाचा एक नमुना जितक्या वेळात पाठवायचा, तितक्याच वेळात आता पोथीभर मजकूर जातो. दुसऱ्या टोकाला पाहा. जुन्या डायल-अप मोडेमवर ५६ हा आकडा असायचा. अमेरिकेतल्या जाळ्यात ८ बिटांपैकी एक बिट अधूनमधून संकेतांसाठी घेतला जाई, त्यामुळे भरवशाचे बिट ७ उरत, आणि ७ गुणिले ८००० म्हणजे ५६,०००. आवाजाला ६४ हजार बिट लागतातच असे मात्र समजू नये. जीएसएम मोबाइलच्या मूळ पद्धतीत तोच आवाज १३ हजार बिटांत बसवला होता. ६४ हजार हा एका काळाचा निर्णय होता. पुढच्या सगळ्या इमारती त्या पायावर उभ्या राहिल्या इतकेच.

किलो आणि मेगा यांबद्दल थोडक्यात. दूरसंचारात किलो म्हणजे नेहमी १०००, मेगा म्हणजे दहा लाख. संगणकाच्या स्मृतीत मात्र १०२४ ची रीत पडली, कारण तिथे सगळे दोनाच्या घातांत चालते. २०४८ हा आकडा पाहून अनेकांना ई-वनमध्ये १०२४ असेल अशी शंका येते. तसे नाही. २०४८ किलोबिट म्हणजे २०,४८,००० बिट. तो ३२ आणि ६४ च्या गुणाकारातून आला आहे. हा घोळ मिटवायला आंतरराष्ट्रीय विद्युत-तंत्र आयोगाने १९९८ च्या डिसेंबरात १०२४ च्या पटींसाठी किबी, मेबी, गिबी अशी वेगळी नावे मंजूर केली. या पुस्तकात ती नावे जशीच्या तशी वापरली आहेत आणि वाचकांनीही वापरावीत. मराठीपुरती एक जास्तीची अडचण आहे. रोमन लिपीत बिटला लहान आणि बाइटला मोठे अक्षर लिहून फरक दाखवता येतो. देवनागरीत अशी सोय नाही, ‘एमबी’ लिहिले की दोन्ही एकच दिसतात. म्हणून मराठीत लिहिताना मेगाबिट आणि मेगाबाइट हे शब्द पूर्ण लिहावेत, असे मी आग्रहाने सांगतो. जाहिरातीत, कंत्राटात, प्रश्नपत्रिकेत, सगळीकडे.

आता उताऱ्याचा प्रश्न. १०० मेगाबिटची जोडणी घेतली आणि फाइल उतरवताना संगणक ‘११.३’ दाखवतो, तेव्हा आपली फसवणूक झाली असे अनेकांना वाटते. हिशेब करून पाहू. १०० ला ८ ने भागले की १२.५ मेगाबाइट. इथरनेटच्या तारेवर प्रत्येक पाकिटाला १५३८ बाइटांची जागा लागते. त्यात पत्ते, तपासणीचे आकडे, दोन पाकिटांमधली फट हे सगळे आले. त्यातून आपल्या फाइलचे बाइट निघतात १४६०. म्हणजे उतारा जवळजवळ ९५ टक्के, आणि १२.५ चे झाले ११.८७. पडद्यावरचा संगणक १०२४ च्या पटीत मोजत असेल तर त्याला आणखी १.०४८६ ने भागायचे, उरतात ११.३. कोणी काही चोरले नाही. ७ किंवा ८ दिसू लागले तर मात्र पुढे शोध घ्यायला हवा, आणि शोध कुठून सुरू करायचा हे कळण्यासाठी आधी ११.३ कुठून येतात ते माहीत असावे लागते.

मोबाइलच्या पॅकमध्ये उलटा हिशेब करावा लागतो. दिवसाला दीड गिगाबाइट हा साठा आहे. त्याचा दर काढायचा तर दीड अब्ज बाइट गुणिले ८, भागिले दिवसाचे ८६,४०० सेकंद. उत्तर येते सेकंदाला सुमारे १ लाख ३९ हजार बिट. चोवीस तास सारखी धार धरली तर दीड गिगाबाइट म्हणजे दोन टेलिफोन आवाजांपेक्षा थोडी जास्त वाहतूक. कोटा संपल्यावर अनेक पॅकमध्ये वेग ६४ किलोबिटवर येतो. हा तोच जुना आकडा, एका डिजिटल आवाजाइतका. तरीही त्या दराने दिवसभर सलग उतरवत राहिले तर ६९१ मेगाबाइट होतात. दर कमी म्हणजे साठा कमीच, असे नाही. वेळ किती दिला हेही पाहावे लागते.

मराठी मजकुराचा दर हा स्वतंत्र प्रकरणाचा विषय आहे आणि ते प्रकरण मी सर्वांत प्रेमाने लिहिले आहे. एका एसएमएसमध्ये १४० बाइट, म्हणजे ११२० बिट मावतात. रोमन लिपीचे अक्षर ७ बिटांत बसते, म्हणून तिथे १६० अक्षरे. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला १६ बिट लागतात, म्हणून ७० चिन्हे. आणि काना, वेलांटी, हलन्त हे प्रत्येक वेगळे चिन्ह. संदेश लांबला आणि दोन भागांत गेला की भाग जोडण्याची खूणगाठ ६ बाइट खाते, मग भागाला ६७ च चिन्हे उरतात. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठातून हवामानावर आधारित सल्ला दिला जातो. त्या धर्तीचे एक वाक्य घ्या: ‘पुढील दोन दिवस मध्यम पावसाची शक्यता, फवारणी टाळावी’. मोकळ्या जागा धरून चिन्हे बरोबर ५०. एसएमएसमध्ये ते १०० बाइट घेते. इंटरनेटवर सामान्यपणे चालणाऱ्या यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या चिन्हाला ३ बाइट लागतात आणि मोकळ्या जागेला नि स्वल्पविरामाला १, म्हणून तेच वाक्य १३४ बाइटांचे होते. शेतकऱ्याला मिळालेली माहिती दोन्ही वेळा तीच. बिट मोजताना मजकूर कोणत्या संकेतात लिहिला आहे हे सांगितले नाही तर ‘एवढ्या सेकंदात एवढे संदेश’ हा दावा तपासताच येत नाही. आपल्या भाषेच्या माणसांनी हा हिशेब स्वतः करायला शिकणे मला फार गरजेचे वाटते.

बोलताना आपण ‘नेटचा स्पीड’ म्हणतो, आणि त्यात एक गैरसमज लपलेला आहे. काचेच्या धाग्यातून प्रकाश सेकंदाला दोन लाख किलोमीटरच्या आसपास धावतो. अमरावती ते अकोला धागा १०० किलोमीटरचा धरला तर पहिला बिट अर्ध्या मिलिसेकंदात पोचतो, जोडणी २ मेगाबिटची असो वा २ गिगाबिटची. फरक पडतो तो बिट किती दाटीने एकामागून एक निघतात यात. २.४८८ गिगाबिटच्या प्रवाहात अमरावतीहून निघालेला पहिला बिट अकोल्याला पोचतो तेव्हा त्याच्या मागे वाटेवर, बडनेरा-मूर्तिजापूरच्या दरम्यान कुठे कुठे, सुमारे १२ लाख ४४ हजार बिट असतात. म्हणून शास्त्रीय लेखनात ‘दर’ म्हणावे आणि पोचायला लागणाऱ्या वेळेला ‘विलंब’. दोन्ही वेगळी मोजावीत.

धागा जिथे पोचत नाही तिथे हर्ट्झचा प्रश्न येतो. मेळघाटात, धारणी तालुक्यातले हरिसाल २०१६ च्या सुमारास महाराष्ट्र शासन आणि मायक्रोसॉफ्ट यांनी ‘डिजिटल गाव’ म्हणून पुढे आणले. दूरचित्रवाणीच्या न वापरलेल्या वाहिन्यांवरून इंटरनेट नेता येईल का, याची चर्चा त्या काळात जोरात होती. अशी एक वाहिनी ८ मेगाहर्ट्झ रुंद असते. तर तिच्यावरून ८ मेगाबिट जातील का? शॅनन यांच्या लॉगॅरिदमच्या सूत्राचे उत्तर असे की ते गोंगाटावर अवलंबून आहे. संकेताची शक्ती गोंगाटाइतकीच असेल तर कमाल मर्यादा बरोबर ८ मेगाबिट. संकेत गोंगाटाच्या १०० पट असेल तर ५३ मेगाबिट. मधल्या डोंगराने, सागाच्या दाट रानाने संकेत क्षीण केला की मर्यादा खाली येते. हर्ट्झ ते बिट हे रूपांतर म्हणूनच कोष्टकात बसत नाही. त्यात जागेचा भूगोल येतो. चिखलदऱ्याच्या घाटात एकदा सिग्नल मोजून पाहिलेल्या विद्यार्थ्याला लॉगॅरिदम वेगळे शिकवावे लागत नाही.

एककांचे हे ज्ञान धोरणाच्या कागदावरही लागते. भारतात ‘ब्रॉडबँड’ कशाला म्हणायचे याची किमान मर्यादा २००४ मध्ये २५६ किलोबिट होती, २०१३ मध्ये ५१२ झाली आणि २०२३ मध्ये २ मेगाबिट. एका घराची आजची ही किमान मर्यादा जुन्या ई-वनच्या जवळपास आहे, ज्या ई-वनवर एका वेळी ३० जण बोलत. भारतनेटची ग्रामपंचायतीसाठीची कल्पना १०० मेगाबिटची. ही संख्या वाचून समाधान मानण्याआधी एक हिशेब करावा. जीपॉनमध्ये खाली येणारा दर २४८८.३२ मेगाबिट आणि वर जाणारा त्याच्या निम्मा, १२४४.१६. समजा एका धाग्याला १६ टोके जोडली आणि सगळी एकाच वेळी पूर्ण क्षमतेने चालली. वरचा खर्च सोडून दिला तरी प्रत्येकाच्या वाट्याला खाली १५५.५२ आणि वर ७७.७६ येतात. उतरवायला १०० मिळतील. सोळाही गावे एकाच वेळी सातबाराचे दाखले, दवाखान्याचे फोटो, शाळेचे व्हिडिओ वर चढवू लागली तर १०० मिळणार नाहीत. करारात लिहिलेले १०० कोणत्या दिशेचे, कोणत्या टोकाला मोजायचे, एकट्याचे की वाटून घेतलेले, हे तीन प्रश्न गावातल्या कोणालाही विचारता यावेत, एवढी तयारी पुढची प्रकरणे करून देतात. पहिल्या प्रकरणाचा पहिला स्वाध्याय इथेच देऊन ठेवतो: टोके १६ ऐवजी ३२ धरा, दोन्ही दिशांचा वाटा काढा, त्यातून पाकिटांचा उतारा वजा करा, आणि आलेला आकडा आपल्या ग्रामपंचायतीच्या संगणकावर प्रत्यक्ष मोजलेल्या आकड्याशेजारी लिहा.